मार बसेल की पंचाईत होईल? : चळवळीतल्या बंद आणि उघड्या जागा



स्मृतिव्याख्यानाला उभं राहणाऱ्याकडून काही मोठ्या प्रश्नाची अपेक्षा असते. मी आज जो विषय घेतला आहे तो वरवर पाहता अगदीच रोजचा आहे. सभागृह, कट्टा, संघटनेचं कार्यालय या चळवळीच्या जुन्या जागा अजून आहेत. पण मोर्चाचा मार्ग, पत्रकाचा मसुदा, व्यासपीठावर कोण बसणार, वर्गणीचं काय करायचं, हे सगळं आता बहुतेक फोनवरच्या ग्रुपांत आणि अनेकांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन कागदांत ठरतं. यातल्या कोणत्या जागेचं दार लावायचं आणि कोणतं उघडं ठेवायचं, एवढाच आजचा विषय.

या जागांबद्दल दोन तक्रारी कायम कानावर येतात. पहिली, “आम्हाला कळेपर्यंत सगळं ठरलेलं असतं.” दुसरी, “ग्रुपवरचं बाहेर गेलंच कसं?” पहिलीवर उपाय सांगितला जातो, दारं उघडा. दुसरीवर सांगितला जातो, दारं लावा. दोन्ही तक्रारी एकाच संघटनेत, एकाच आठवड्यात येतात आणि कधीकधी तर एकच माणूस दोन्ही करतो. मग आपण मध्यममार्ग काढतो, थोडं उघडं, थोडं बंद. पण हे प्रमाणाचं गणित नाही. काय बंद ठेवायचं, कोणासाठी आणि कुठवर, हे विचारल्याखेरीज त्याचं उत्तर निघत नाही.

हा प्रश्न मोबाइलने आणलेला नाही. १९३० च्या मार्चमध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून आधीच कळवलं होतं, की मी मिठाचा कायदा मोडणार आहे. लढाईचा बेत शत्रूला आगाऊ सांगायचा, हीच त्यांची लढाई. त्यांना गुप्ततेचं वावडं होतं, कारण गुप्ततेबरोबर भीती येते आणि भ्यालेल्या माणसाचा सत्याग्रह होत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९४४ मध्ये कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ‘भारत छोडो’ चळवळीतल्या भूमिगतांना उघडपणे समोर येण्याचा सल्ला दिला. अरुणा असफ अलींनी तो मानला नाही. १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतलं गेल्यावरच त्या बाहेर आल्या. साताऱ्यात नाना पाटील आणि त्यांचे सहकारीही भूमिगतच राहिले. या वादात कोण बरोबर होतं, हे ठरवायला मी उभा नाही. पण त्याच काळातलं एक उदाहरण या दोन्ही बाजूंच्या मधून वाट काढतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून हे केंद्र बोलायचं आणि स्वतःचा पत्ता सांगायचं, ‘भारतात कुठूनतरी’. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा सारखी बदलली जाई. वर्तमानपत्रांवर बंधनं असताना आष्टी-चिमूरच्या उठावात आणि नंतरच्या दडपशाहीत काय घडलं ते या केंद्रावरून लोकांना कळलं. आता यातलं गुप्त काय होतं? माणसं, घरं, यंत्र. आणि उघडं काय होतं? बातमी, भूमिका, आवाहन. ऐकणाऱ्याला त्या रेडिओचं म्हणणं काय आहे, याबद्दल कसलीही शंका नव्हती. १२ नोव्हेंबरला केंद्र पकडलं गेलं ते लहरी शोधणाऱ्या यंत्रांपेक्षा त्यांच्याच एका तंत्रज्ञाच्या फितुरीमुळे. पुढे चौकशीत उषा मेहता गप्प राहिल्या, चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या बाईंचा आवाज सगळ्यांसाठी होता, त्यांनी पोलिसांपुढे सहकाऱ्यांबद्दल तोंड उघडलं नाही, आणि यात काहीही विसंगती नाही.

आता अलीकडे येऊ. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी कंजारभाट समाजातली काही शिकलेली मुलं-मुली एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जमली. ग्रुपचं नाव होतं ‘स्टॉप द व्ही-रिच्युअल’. लग्नाच्या पहिल्या रात्री नव्या नवरीच्या कौमार्याची परीक्षा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने पंचांसमोर तिचा निकाल जाहीर करायचा, या प्रथेविरुद्ध ही मुलं उभी राहिली होती.

या प्रथेची रचना जरा नीट बघा. बाईच्या आयुष्यातली सर्वांत खासगी गोष्ट चारचौघांत जाहीर होते. पंचांनी घेतलेल्या दंडाचा हिशेब मात्र कोणी मागायचा नाही. जात पंचायतींविरुद्ध लढणारे कार्यकर्ते ही तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. म्हणजे जिथे पडदा हवा तिथे चव्हाटा, आणि जिथे हिशेब हवा तिथे पडदा. त्या मुलांनी हे उलटं केलं. त्यांनी स्वतःसाठी एक बंद जागा तयार केली. तिथे एखादी मुलगी घरातलं बोलू शकत होती, एखादा मुलगा भीती कबूल करू शकत होता, बहिष्कार पडला तर काय करायचं याचा विचार होऊ शकत होता. आणि मागणी मात्र त्यांनी जगासमोर मांडली, नावानिशी, तोंड न लपवता.

त्याची किंमतही मोजली. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत एका लग्नसमारंभात या ग्रुपमधल्या तीन तरुणांना जमावाने मारहाण केली. पुढच्या नवरात्रात या प्रथेला नकार दिलेल्या एका तरुणीला दांडियात खेळू दिलं नाही, तेव्हा सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये अशी परीक्षा लैंगिक अत्याचाराचाच प्रकार समजली जाईल, अशी घोषणा राज्याच्या गृह राज्यमंत्र्यांनी केली.

माझी आजची कसोटी मी या घटनेतून घेतो. एखादी गोष्ट बंद ठेवायची का, हे ठरवताना एकच विचारा: हे बाहेर गेलं तर कोणाला मार बसेल, की कोणाची फक्त पंचाईत होईल? मार म्हणजे शब्दशः मार. त्याचबरोबर बहिष्कार, नोकरी जाणं, खोटा गुन्हा, घरातून हाकललं जाणं. पंचाईत म्हणजे दोन नेत्यांचं जमत नाही हे कळणं, मागच्या सभेचा खर्च अंदाजापेक्षा फार झाला हे कळणं, मागणी मागे घ्यायचं तिघांनीच ठरवलं हे कळणं. मार बसणार असेल तर दार लावा, कडी घाला. पंचाईत होणार असेल तर ती होऊ द्या. आपल्याकडे बहुतेक दारं पंचाईतीच्या भीतीने लावलेली असतात आणि ज्याला मार बसू शकतो त्याचा फोन नंबर मात्र आठशे जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसत असतो.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०२१ चं. शेतकरी आंदोलनाला पाठिंबा देणारं एक ‘टूलकिट’, म्हणजे कोणी कधी काय करावं याची सूची, अनेकांनी मिळून ऑनलाइन लिहिलं. हवामान-कार्यकर्ती ग्रेटा थुनबर्गने त्याचा दुवा ट्विटरवर टाकला, मग तो जुना आहे म्हणून काढला आणि सुधारित दुवा टाकला. ४ फेब्रुवारीला दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. १३ फेब्रुवारीला दिशा रवी या पर्यावरण कार्यकर्तीला बंगळुरूतून अटक झाली. मुंबईतली एक वकील आणि बीडचा एक तरुण अभियंता यांच्या मागेही पोलीस लागले; त्यांना उच्च न्यायालयाच्या मुंबई आणि औरंगाबादच्या पीठांनी तात्पुरतं संरक्षण दिलं. २३ फेब्रुवारीला दिल्लीचे अतिरिक्त सत्र न्यायाधीश धर्मेंद्र राणा यांनी दिशा रवीला जामीन दिला. व्हॉट्सॲप ग्रुप काढणं किंवा निरुपद्रवी टूलकिटचं संपादन करणं हा गुन्हा नाही, असं त्यांच्या आदेशात स्पष्ट आहे. ओळख लपवण्याच्या धडपडीत त्यांना कटाचा वास आला नाही. नको त्या वादापासून दूर राहण्याची ती चिंता वाटली.

हा आदेश प्रत्येक संघटनेने वाचावा असा आहे, कारण बंद जागा म्हणजे कट, हे समीकरण तो मोडतो. पण न्यायालयाने तसं म्हणेपर्यंत तुरुंगातले दिवस काढून झालेले असतात. म्हणून शिस्तीची बाब आपल्याकडेच राहते. कामाचा कागद आणि लोकांसाठीचा कागद हे पहिल्या दिवसापासून वेगळे हवेत. कामाच्या कागदावर कोणाची नावं, नंबर, प्रवासाचे बेत असतील. तो मोजक्यांकडेच राहावा. लोकांसाठीच्या कागदावर मागणी, कारण, आवाहन असेल. तो कोणीही वाचावा. दोन्ही एकाच दुव्यावर ठेवून ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो संपादन करू शकतो’ अशी परवानगी देणं म्हणजे निष्काळजीपणा. आणि कामाचा कागदही असा लिहावा, की उद्या न्यायालयात मोठ्याने वाचला गेला तर माणसांची काळजी वाटेल, मजकुराची लाज वाटणार नाही.

इथे तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून मिळणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातात, सिग्नल या ॲपवरही तसेच. हे कुलूप वाटेतल्या चोरासाठी आहे. ज्याच्या हातात फोन आहे त्याने स्क्रीनशॉट काढला, पोलिसांनी फोन जप्त केला, किंवा पेगॅससासारखं हेरगिरीचं तंत्र फोनमध्येच शिरलं, तर कुलपाचा उपयोग नाही. २०१९ मध्ये पेगॅससच्या लक्ष्यांमध्ये भारतातले पत्रकार आणि कार्यकर्तेही होते, हे खुद्द व्हॉट्सॲपने सांगितलं. काँग्रेस रेडिओची गोष्ट इथेही लागू पडते, फितुरीला कुठलंही कुलूप पुरत नाही. तेव्हा शेकडो सदस्यांच्या ग्रुपला ‘खासगी’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. बंद जागा खरोखर बंद राहायची असेल तर ती लहान हवी, एका कामापुरती हवी आणि काम संपलं की मोडायला हवी.

पण लहान म्हटलं की दुसरं संकट उभं राहतं. लहान बंद जागा हीच सत्तेची आवडती जागा आहे. जुन्या वाड्यातली ओसरी आणि माजघर आठवा. बाहेरच्यांसाठी ओसरी आणि आतल्यांसाठी माजघर, अशी ही व्यवस्था सांगायला फार सुटसुटीत. पण त्या घरात निर्णय ओसरीवर व्हायचे आणि माजघरातल्या बायकांना ते दाराआडून ऐकू यायचे. आपल्या संघटनांत आज याची नुसती अदलाबदल झाली आहे. आठशे जणांच्या मोठ्या ग्रुपवर सुप्रभात, वाढदिवस आणि फॉरवर्ड. आणि सात जणांच्या ‘कोअर’वर निर्णय. आठशे जण आता दाराआडून ऐकतात.

जो फ्रीमन या अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० मध्ये स्त्रीमुक्ती गटांसमोर केलेल्या मांडणीत हेच दुखणं दाखवलं होतं. आमच्यात नेता नाही, रचना नाही, सगळे समान, असं म्हणणाऱ्या गटांत सत्ता नाहीशी होत नाही. ती मैत्रीच्या वर्तुळात जाऊन बसते. नेमलेल्या पदाधिकाऱ्याला जाब विचारता येतो, मैत्रीला कसा विचारणार? आपल्याकडे यात जात, भाषा आणि शहर यांची भर पडते. रात्री अकराला ऑनलाइन बैठक ठेवली की पहाटे उठून कामाला जाणारी बाई आपोआप गळते. मसुदा इंग्रजीत फिरला की गावातला कार्यकर्ता अंगठा दाखवतो आणि पुढे जातो. कोणी कोणाला बाहेर काढलेलं नसतं, दारही उघडंच असतं, तरी आत तेच ते सात जण.

ग्रुपचा ॲडमिन हा आजच्या संघटनेतला न निवडलेला पदाधिकारी आहे. आत कोणाला घ्यायचं, बाहेर कोणाला काढायचं, कोणाचा संदेश पुसायचा, हे त्याच्या हातात. कायदा त्याच्याशी सौम्य आहे. सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला सरसकट दोषी धरता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने न विचारलेला जाब संघटनेने विचारायला काय हरकत आहे? ज्याच्याकडे ॲडमिनपद, पासवर्ड आणि बँकेचं खातं आहे, तो संघटनेतला बलवान. दुबळ्याला आडोसा आणि बलवानावर उजेड, हे तत्त्व आपण सरकारला ऐकवतो. ते आपल्या घरातही लागू करावं लागेल.

मग चर्चा मोकळी व्हावी आणि निर्णय मूठभरांचे होऊ नयेत, हे जमतं कुठे? गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात ते जमलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवणारं आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः द्यायला लागलेलं हे गाव. या गावात अभ्यासगट आहे आणि ग्रामसभा आहे. अभ्यासगटात ज्याला ज्या विषयात रस आहे तो बसतो, बाहेरचा जाणकारही बसतो. वाट्टेल ते प्रश्न विचारता येतात, चुकीचं बोलता येतं, मत बदलता येतं, कारण तिथे निर्णयच होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांदेखत आणि सर्वसहमतीने.

या रचनेत अभ्यासगटाला अधिकार नाही, म्हणून तो मोकळा आहे. आणि ग्रामसभेला अधिकार आहे, म्हणून ती उघडी आहे. आपल्या ऑनलाइन जागांसाठी यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही. लहान ग्रुप हवेत, जरूर हवेत. माणूस शंभर जणांसमोर शंका विचारत नाही, पाच जणांत विचारतो. पण लहान ग्रुपला निर्णयाचा अधिकार नको. तिथून प्रस्ताव बाहेर यावा, कारणांसह यावा, आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या सगळ्यांसमोर तो ठरावा.

“आमच्याकडे वेळ कुठे असतो?” ही यावरची पहिली हरकत. रास्त आहे. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईतल्या आरे वसाहतीतल्या वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडं पडायला लागली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडं गेली होती. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली. अशा वेळी सर्वसहमतीची वाट बघणारा मूर्ख ठरेल. मान्य. पण तातडीच्या वेळी कोणी, कशाबाबत, परस्पर निर्णय घ्यायचा, हे शांततेच्या काळात सगळ्यांनी मिळून ठरवता येतं. आणि घेतलेला निर्णय आठवड्याच्या आत कारणांसह सगळ्यांपुढे ठेवता येतो. घाईमुळे आधी विचारता आलं नाही, एवढ्याने नंतर सांगण्याचं कर्तव्य संपत नाही.

दुसरी हरकत, उघडं ठेवलं की विरोधकही वाचतात. वाचू द्या. मागणी, हिशेब, नियम विरोधकाने वाचल्याने आपलं बिघडत नाही. आयर्विनने वाचलं म्हणून मीठ उचलायचं राहिलं नाही. आणि बंद ग्रुपात विरोधकाचा माणूस नाहीच, ही खात्री कोण देणार? गुप्ततेचा पसारा वाढला की संशयाचाही वाढतो. सहकारी एकमेकांचे स्क्रीनशॉट जपून ठेवायला लागतात आणि मग फोडायला बाहेरच्या कोणाची गरज उरत नाही.

उघडं आणि बंद यांची रेषा कशी आखावी, याचे चांगले नमुने आपल्याच चळवळींनी मिळवलेल्या कायद्यांत आहेत. २००५ चा माहिती अधिकार कायदा घ्या. कलम ४ सांगतं, कोणी मागण्याआधीच माहिती स्वतःहून जाहीर करा. कलम ८ अपवाद मोजून देतं. तिथेच पुढे म्हटलं आहे, की सार्वजनिक हित मोठं असेल तर अपवादही बाजूला ठेवता येतो. आणि वीस वर्षं उलटली की बहुतेक अपवाद संपतात. म्हणजे उघडेपणा हा नियम, अपवाद नाव घेऊन, आणि त्या अपवादांनाही मुदत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आणखी नेमका आहे. तक्रारदार, साक्षीदार, चौकशीचा तपशील प्रसिद्ध करायला तो मनाई करतो. पण वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हे अहवालात द्यायला लावतो. नावं झाकलेली, आकडे उघडे. किती संघटना हा आकडा स्वतःहून सांगतात? “बदनामी होईल” हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. ती पंचाईत आहे. मार ज्या मुलीला बसला तिचं नाव मात्र तोवर तीन ग्रुपांत फिरून आलेलं असतं.

खासगीपणाचा शब्द उलटाही वापरता येतो, याची सूचना म्हणून एक सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) छाटलं. वैयक्तिक माहिती नाकारण्यापूर्वी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच तपासावं लागे. ते शब्द गेले. माहिती अधिकार कार्यकर्ते त्याविरुद्ध बोलत आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण हाच आक्षेप आपल्या संघटनेच्या खजिनदाराने “हा आमचा अंतर्गत विषय आहे” असं म्हटल्यावर आपण घेतो का?

तेव्हा माझा प्रस्ताव मी थोडक्यात मांडतो. प्रत्येक संघटनेने एक पान लिहावं, मराठीत, सगळ्यांना समजेल असं. त्यावर चार गोष्टी असाव्यात. पहिली, कायम उघडं काय राहील: उद्दिष्टं, नियम, जमाखर्च, निर्णय आणि त्यांची कारणं, कोण कोणत्या ग्रुपचा ॲडमिन आहे त्याची यादी. दुसरी, कायम बंद काय राहील: तक्रार करणाऱ्यांची, आसरा मागणाऱ्यांची, धोक्यात असलेल्यांची ओळख; यावर बहुमतानेही हात टाकायचा नाही, फक्त त्या व्यक्तीच्या संमतीने. तिसरी, काही काळ बंद काय राहील: वाटाघाटी, कृतीचे बेत, न्यायालयीन तयारी, प्रत्येकापुढे तारीख, आणि त्या तारखेला तो कागद उघडायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. चौथी, हे पान कोण आणि कसं बदलू शकेल. आणि ॲडमिनपद दर वर्षी दुसऱ्याच्या हाती जाईल. तारीख आणि नाव नसलेली गुप्तता ही हळूहळू मालकी होते, म्हणून तिसऱ्या मुद्द्याचा आग्रह मी सर्वांत जास्त धरीन.

यातून सगळी भांडणं मिटतील, असं मी म्हणत नाही. मार आणि पंचाईत यांची सीमा प्रत्येक वेळी स्पष्ट नसते. गावातल्या एका मुलीची ‘पंचाईत’ दुसऱ्या दिवशी मार होऊ शकते, आणि नेत्याला स्वतःची प्रत्येक पंचाईत मारच वाटते. म्हणूनच हे ठरवण्याचं काम ज्याची पंचाईत होणार आहे त्याच्याकडे देऊ नये; ज्याला मार बसू शकतो त्याला आधी विचारावं. संघटना कोणाची आहे, हे तिच्या घोषणांपेक्षा या एका पद्धतीवरून लवकर कळतं. सरकारकडे फाइल उघडण्याची मागणी करायला आपण उद्याही जाणार आहोत. जाताना आपलं ते एक पान खिशात असावं, आणि समोरच्या अधिकाऱ्याने “तुमचं काय?” असं विचारलं, तर ते त्याच्या टेबलावर ठेवता यावं.